प्रयोग सुरू आहे, गर्दी करू नये

गोंदियात घरच्या घरी विज्ञानाचा प्रयोग करायचा असेल, तर साहित्य आणि कृती लिहायच्या आधी फाटकाला आतून कडी लावावी. कडी नसली की तज्ज्ञ येतात. कुणी दूध घालायला आलेला असतो, कुणी लग्नपत्रिका द्यायला, कुणी नुसताच ‘काय चाललं जी?’ म्हणून, पण निष्कर्ष प्रत्येकाच्या खिशात तयार असतो. शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत चंचुपात्र, दिवा आणि तिवई दाखवतात. आमच्या घरच्या प्रयोगाची खरी आकृती काढायची, तर कंपाउंडच्या भिंतीवर टेकलेले दोन कोपरही दाखवावे लागतील. ते शेजारच्या गुरुजींचे.

गुरुजी सेवानिवृत्त आहेत. आयुष्यभर मराठी शिकवले. विज्ञानावर त्यांचा विश्वास नाही असे अजिबात नाही. फक्त विज्ञानाने त्यांना विचारून काही करावे, एवढेच त्यांचे म्हणणे.

आता कूलरचेच घ्या. विदर्भात कूलर हे उपकरण नाही, ऋतू आहे. होळी आटोपली की मागच्या खोलीतून तो लोखंडी डबा ओढत बाहेर आणतात, गेल्या वर्षीच्या ताट्या काढतात, आणि त्या ताट्यांमधून धूळ, एखादी पाल आणि गेल्या वर्षीचे भांडण बाहेर पडते. भांडणाचा विषय ठरलेला आहे. कूलर चालू असताना खिडकी उघडी ठेवायची की बंद? आमच्या घरी ह्यांचा पक्ष बंद खिडकीचा. ‘पैसे मोजून गार हवा आत घ्यायची आणि समोरच्या खिडकीतून फुकट सोडायची, हा कुठला हिशोब?’ सासूबाईंचा पक्ष उघड्या दाराचा. त्या अर्जुनी मोरगावकडच्या. ‘आलेल्या हवेले जायाले जागा तं पायजे का नाई?’ असे म्हणून त्या दाराला पाट लावून ठेवतात. हे जाता येता तो पाट पायाने सरकवतात. हा उद्योग रंगपंचमीपासून मृगापर्यंत चालतो.

मी दोन साधे थर्मामीटर आणले. एकाच्या बुडाला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळली, चिंधीचे टोक पाण्याच्या वाटीत सोडले आणि दोन्ही ओसरीवर शेजारी शेजारी टांगले. चिंधीतले पाणी उडते, उडताना उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला पावणेसहाशे कॅलरींच्या आसपास उष्णता लागते, आणि ती पाणी त्या बिचाऱ्या थर्मामीटरकडूनच वसूल करते. कोरडा ४२ दाखवत होता तेव्हा ओला २४ च्या जवळ उतरला होता. कूलरचे सगळे सामर्थ्य या दोन आकड्यांच्या मधे आहे. दोन हजारांचा घ्या की वीस हजारांचा, ओल्या थर्मामीटरच्या खाली त्याच्या बापालाही जाता येत नाही.

दूधवाले भाऊ आले. त्यांनी चिंधी गुंडाळलेल्या थर्मामीटरकडे काळजीने पाहिले. ‘याले काय लागलं जी?’

तेच थर्मामीटर आत नेऊन खोलीच्या खिडक्या दारे बंद करून कूलर चालवला, तर अर्ध्या तासात दोन्ही थर्मामीटर एकमेकांकडे सरकू लागतात. ओली हवा बाहेर पडत नाही, पाणी उडायला जागा राहत नाही, आणि माणूस गारव्याऐवजी दमटपणात बसून राहतो. दार किलकिले केले की पुन्हा फरक वाढतो. म्हणजे सासूबाई बरोबर होत्या. मी आकडे लिहून कागद फ्रिजवर चिकटवला. ह्यांनी तो चष्मा लावून वाचला, दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘थर्मामीटर चायनाचा दिसतो.’ सासूबाईंनी तर कागदाकडे पाहिलेही नाही. ज्याचे म्हणणे खरे ठरते त्याला पुराव्यात रस नसतो.

खरी मजा जूनच्या शेवटी. पाऊस लागला, बांध्या भरल्या, मामा तलावांत पाणी चढले, की हवाच आधीपासून ओली. कोरडा ३४, ओला ३०. कूलरच्या हाती उरले चार अंश, तेही कागदावरचे. मग मोहल्ल्यात एकच तक्रार: कूलर फेकत नाही. मेकॅनिकला बोलावले जाते. तो टाकीत वाकून पाहतो, नळी हलवतो आणि सांगतो की पंप कमजोर झाला आहे. नवा पंप बसतो. हवा तशीच. पण पैसे दिले की चार दिवस गार वाटते, ही बाब कुठल्याच थर्मामीटरवर येत नाही.

कूलर निदान सावलीत बसून तपासता येतो. सूर्याचा प्रयोग करायचा तर नवतपातच करावा लागतो, आणि नवतपात गोंदियाचा शहाणा माणूस दुपारी दाराबाहेर नाक काढत नाही. पण सूर्याने तारीख तीच दिली आहे. गोंदिया साधारण साडेएकवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या २८ तारखेच्या आसपास भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाऊन बसते. शून्य सावलीचा दिवस. रोहिणी लागतात २५ मेला, तेव्हापासून नऊ दिवस नवतपा, म्हणजे आपली सावली आपल्याला सोडून जाते ती ऐन तापात. तिचेही बरोबर आहे.

गवंड्याकडून ओळंबा मागून आणला, गच्चीवर पाइपचा तुकडा त्या ओळंब्याने सरळ उभा केला आणि वाट पाहत बसले. गुरुजी डोक्याला दुपट्टा बांधून वर आले. त्यांनी मनगटावरचे घड्याळ काढून समोर ठेवले, कारण बाराला सूर्य डोक्यावर येतो हे ते चाळीस वर्षे मुलांना सांगत आले होते. बारा वाजले. पाइपच्या पायाशी काळी कड अजून होतीच. गुरुजींनी पाइपकडे संशयाने पाहिले, मग गवंड्याच्या ओळंब्याकडे, मग माझ्याकडे. बारा वाजून सहा-सात मिनिटांनी ती कड नाहीशी झाली. गुरुजी म्हणाले, ‘सूर्य उशिरा आला.’ विद्यार्थी उशिरा आल्याच्या सुरात.

उशीर सूर्याचा नाही, घड्याळाचा. भारताची प्रमाण वेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, आणि आपण ऐंशीच्या जरा पुढे. त्या मानाने आपण भाग्यवान. त्याच हंगामात मुंबईला सूर्य डोक्यावर यायला बारा पस्तीस वाजतात. मुंबईने तर १९५५ पर्यंत ३९ मिनिटे मागे असलेली स्वतःची वेगळी वेळ हट्टाने जपली होती. गोंदियाला अशी चैन कुणी करू दिली नाही. आमचा सूर्य मुंबईच्या सूर्यापेक्षा २९ मिनिटे पुढे आहे, आणि सरकारी कचेरीची वेळ मात्र दोन्हीकडे एकच, पावणेदहा ते सव्वासहा. हे गुरुजींना समजावून सांगत असताना शेजारच्या गच्चीवरचे एक शासकीय कर्मचारी हातातले वाळवण सोडून ऐकायला आले. त्यांनी लगेच ताडले की गोंदियाच्या माणसाने पावणेसहाला कचेरीतून निघणे हे खगोलशास्त्राला धरून आहे. मग सकाळी सव्वानऊला पोहोचणेही धरून आहे, असे मी सुचवून पाहिले. तेवढ्यात त्यांना खालून हाक आली.

रेल्वेने दक्षिणेला गेले तर हीच सावली बल्लारशाहला आठवडाभर आधी नाहीशी होऊन गेलेली असते. अशाच दोन गावांतल्या सावल्यांच्या फरकावरून इरॅटोस्थेनिसने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये पृथ्वीचा घेर काढला होता. गोंदिया-बल्लारशाह गाडीत बसून आपल्यालाही काढता येईल. पण त्या गाडीत बसायला जागा मिळाल्यावर उठून सावली मोजायला कोण जाणार? जुलैच्या मध्याला गोंदियात शून्य सावली पुन्हा येते. तेव्हा ढग असतात, त्यामुळे त्या दिवशी सगळ्यांचीच सावली शून्य असते आणि प्रयोग शंभर टक्के यशस्वी होतो.

यंदा मृगाच्या तोंडावर सासूबाईंचा भाचा गावाहून आला. पऱ्हे टाकायची होती आणि त्याच्या बोटाला एक पत्रक लागले होते: धानाचे बियाणे मिठाच्या पाण्यात बुडवून घ्या, दहा लिटर पाण्याला ३०० ग्रॅम मीठ, वर तरंगेल ते फेका, खाली बसेल ते साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. ‘वहिनी, तुमी असंच करत राहता ना काहीबाही, तं हे करून द्या,’ असे म्हणून त्याने चुंगडी अंगणात टेकवली. इतका मान मला घरात आजवर कुणी दिला नव्हता. मी बादली काढली.

कडी लावायची राहिली. गुरुजी आले. त्यांनी कुठेतरी वाचले होते की पाण्यात अंडे सोडावे आणि ते तरंगेपर्यंत मीठ घालावे. वाचले होते ते खोटे नाही; एकोणिसाव्या शतकात जपानमध्ये योकोई तोकियोशी या शेतीतज्ज्ञाने खारट पाण्याने बियाणे निवडण्याची पद्धत बसवली, आणि तिथे पाण्याचा दाटपणा बघायला ताजे अंडे वापरत. गुरुजी शाकाहारी. त्यांनी अंड्याची सूचना केली आणि दोन पावले मागे सरकले. भाच्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून अंडे आणले. ते ३०० ग्रॅम मिठाच्या पाण्यात सोडले, तर तळाशी जाऊन निवांत पडले.

मग सुरू झाले. दूधवाले भाऊ म्हणाले, मिठात भेसळ आहे. गुरुजी म्हणाले, पत्रक चुकले आहे. समोरच्या काकू म्हणाल्या, अंडे कोंबडीचे आहे ना नक्की? सासूबाई ओसरीवर बसून सुपात धान पाखडत होत्या, त्या काहीच म्हणाल्या नाहीत.

भांडण कुणाचेच नव्हते, गणित होते. दहा लिटरला ३०० ग्रॅम मीठ घातले की पाण्याची घनता १.०२ होते. ताज्या अंड्याची १.०८ च्या आसपास. त्याला तरंगवायचे तर तेवढ्याच पाण्यात सव्वा किलोच्या जवळपास मीठ हवे. पत्रकाला फक्त पोचट दाणे वेगळे करायचे आहेत, जपान्यांना वर्गातले पहिले दहाच हवेत. दोन्ही बरोबर. हे सांगून झाल्यावर अंगणात क्षणभर शांतता पसरली आणि भाचा म्हणाला, ‘तं मंग टाका ना वहिनी आनखी मीठ, पाहू.’

आम्ही मीठ टाकत गेलो. आणि हिशोबाच्या खूप आधी, जेमतेम पाऊण किलोवर, अंडे हलले, टोकावर उभे राहिले आणि वर आले. गुरुजींनी टाळी वाजवली. पण माझे गणित चुकीचे नव्हते. अंडे म्हातारे होते. अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रे असतात, त्यांतून आतले पाणी हळूहळू उडून जाते, आतली हवेची पोकळी वाढते आणि अंडे हलके होत जाते. फारच जुने असेल तर साध्या पाण्यातही तरंगते. म्हणजे आम्ही मीठ मोजायला बसलो आणि मोजला गेला दुकानदार. भाचा अंडे घेऊन तडक दुकानात. दुकानदाराने ते उजेडात धरून पाहिले आणि म्हणाला, ‘भैया, आज ही आया है.’ आज आले, यात शंका नाही. निघाले कधी, ते त्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नव्हते.

त्या दाट पाण्यात सहज म्हणून मूठभर बियाणे टाकले, तर चांगले म्हणून आणलेलेही कितीतरी दाणे वर येऊ लागले. भाच्याचा चेहरा उतरला. ‘वहिनी, आमाले इतकं कडक नाई पायजे.’ मग परत ३०० ग्रॅमचे पाणी केले. पोचट वर आले, भरीव बसले, भाचा खूश. सासूबाईंनी उठून, तळाशी बसलेल्या बियाण्यातला एक दाणा उचलला, दाढेखाली धरला, कट्ट वाजला. ‘हव. हे धान बरं आहे.’ त्यांची प्रयोगशाळा तोंडातच आहे आणि तिला मीठ लागत नाही.

या डोळ्या-दातांच्या विज्ञानाला हसू नये. आपल्याच रेल्वेमार्गावरच्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे खेडे आहे. तिथले दादाजी रामाजी खोब्रागडे. शाळा तिसरीपर्यंत, शेत दीड एकर. १९८३ मध्ये त्यांच्या ‘पटेल ३’ धानाच्या बांधीत दोन-चार लोंब्या वेगळ्या दिसल्या. रंग वेगळा, दाणा बारीक. आपल्यापैकी कुणीही त्या इतरांसोबत कापून पुंजण्यात टाकल्या असत्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या लावल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा लावल्या. काही वर्षांनी धान इतके जमले की व्यापाऱ्याने विकत घेतले. नाव काय, म्हणाला. नाव नव्हते. तेव्हा मनगटावरच्या एचएमटी घड्याळाचा जमाना होता, तेच नाव चिकटले. आज आपण दुकानात ज्याला एचएमटी म्हणतो, तो हा तांदूळ. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने पीकेव्ही एचएमटी नावाने तो आणला. दादाजींनी मग आणखी वाण काढले, त्यांतल्या एकाला आपल्या नावाची आद्याक्षरे दिली, डीआरके. २०१८ च्या जूनमध्ये ते गेले. लोंब्या वेगळ्या दिसल्या त्या दिवशी त्यांच्या बांधीच्या धुऱ्यावर कुणी गुरुजी उभे नसावेत. नाहीतर ‘रोग पडला आहे, उपटून टाका’ हा निष्कर्ष जागेवरच निघाला असता आणि आपण आजही जाड तांदूळ खात बसलो असतो.

गोंदियात तांदळाची गोष्ट सुरू झाली की गिरणीपर्यंत जातेच. शहराभोवती इतक्या राइस मिल आहेत की तुसाची राख ही आमच्या हवेचा एक घटक समजायला हरकत नाही. सासूबाई ती भांड्यांना वापरत. चकाकी कशाने येते, तर त्या राखेत बहुतांश सिलिकाच असते. पुण्याच्या टाटा संशोधन केंद्राने अशाच राखेतून ‘सुजल’ हे पाणी गाळायचे साधन केले आणि त्या वाटेने २००९ मध्ये ‘टाटा स्वच्छ’ बाजारात आले. मी नारळाच्या करवंटीत राख भरून गाळणे करून पाहिले. पहिले पाणी डांबरासारखे काळे निघाले. दूधवाले भाऊ त्याकडे बराच वेळ पाहत राहिले. आपल्या दुधात पाणी मिसळल्याचा आरोप अजून कुणी केलेला नाही, हे त्यांनी त्या दिवशी आपणहून सांगितले.

पण मिलमधले खरे विज्ञान उसन्या तांदळात आहे. धान भिजवायचे, वाफवायचे, वाळवायचे, मग भरडायचे. वाफेने आतले पिष्ट फुगून दाण्याच्या भेगा सांधल्या जातात, म्हणून कणी कमी पडते, आणि कोंड्याजवळची जीवनसत्त्वे काही प्रमाणात आत सरकतात. अंगणात हे सांगत होते तेव्हा प्रश्न आला की जीवनसत्त्व आत सरकले हे कळले कुणाला. मग मला जावाच्या कोंबड्यांची गोष्ट सांगावी लागली.

गेल्याच्या मागच्या शतकाच्या अखेरीस क्रिस्तियान आइकमन नावाचा डच डॉक्टर जावा बेटावर बेरीबेरीचे जंतू शोधत होता. कोंबड्यांवर प्रयोग चालू. एकदा सगळ्याच कोंबड्या लडखडायला लागल्या, ज्यांना काहीही टोचले नव्हते त्यासुद्धा. आणि मग एक दिवस आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केली तर कळले की कोंबड्यांना मधल्या काळात लष्करी दवाखान्यातला उरलेला पॉलिशचा भात मिळत होता. तेवढ्यात आचारी बदलला. नवा आचारी नियमाचा पक्का. लष्कराचा तांदूळ मुलकी कोंबड्यांना देणार नाही, म्हणाला. कोंबड्या परत कोंड्यासकटच्या स्वस्त तांदळावर आल्या आणि चालू लागल्या. कोंड्यात काहीतरी आहे, हा शोध तिथून पुढे गेला आणि १९२९ मध्ये आइकमनला नोबेल मिळाले.

गुरुजी कोपर भिंतीवर ठेवून ऐकत होते. ते म्हणाले, ‘म्हणजे नोबेल खरे तर त्या आचाऱ्याला द्यायला पाहिजे होते. सरकारी माणसाने नियम पाळल्यामुळे जगाचे भले झाल्याचे हे एकच उदाहरण असेल.’

शेजारच्या गच्चीवरचे कर्मचारी यावर काही बोलले नाहीत. दूधवाले भाऊंनी विचारले की उसना तांदूळ म्हशीला चालतो का.

सासूबाईंनी सूप खाली ठेवले. इतका वेळ त्यांच्या मनात काहीतरी घोळत होते, ते मला दिसत होते. मला वाटले, जीवनसत्त्वाचे विचारतील.

‘आन त्या बऱ्या झालेल्या कोंबड्या वो,’ त्या म्हणाल्या, ‘त्या मंग कोनं खाल्ल्या?’